बसवत नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहीत जा. काय लिहू म्हटलं तर म्हणाल्या, काहीही. झोप, भूक, दिवसभर काय केलं. मी म्हटलं, बाई, मी शिंपी माणूस, मला छाती, कंबर, बाही एवढंच लिहिता येतं. त्या हसल्या नाहीत. तरुण आहेत, आणि बाहेर रांग होती. त्यांचा पांढरा कोट खांद्यांत सहज इंचभर मोठा आहे. ज्यानं शिवला त्याला कोणीतरी जाब विचारायला हवा.

तर ही जुनी मापवही उलटी धरून मागच्या पानापासून सुरुवात केली आहे. पुढच्या बाजूनं गिऱ्हाइकांची मापं, मागच्या बाजूनं माझं रडगाणं.

गेल्या जूनपासून मी माणसांत नाही. कारण विचारू नये, कारण नाही. कोणी गेलं नाही, कसलं नुकसान झालं नाही. एका सकाळी उठून बसलो आणि चपलेत पाय घालायचं काम डोंगराएवढं वाटलं, म्हणून परत आडवा झालो, तो आठ महिने. बायको टपाल कचेरीत खिडकीवर असते. दिवसभर लोकांची पार्सलं तोलायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला उठवायचं, अंघोळीला ढकलायचं, चार घास खायला लावायचं. तोंडातून चकार शब्द नाही. पण तिचे सगळे कपडे आता दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घ्यावे लागतील. मी परत पडलो तर या वेळी तीही पडेल. हे ती म्हणाली नाही, मला मापावरून कळतं.

पंधरा दिवसांपासून ओढूनताणून दुकानात जातो. आजपासून गोळी. पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मळमळ. तोंड कोरडं. बाकी ठणठणाट.

दुकानात तीन तास. मालक म्हणजे माझा जुना जोडीदार. एकाच म्हाताऱ्या शिंप्याच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो. पुढे तो दुकानवाला झाला, मी कोटवाला. सध्या तो मला पडदेच देतो. कुठल्याशा हॉटेलाची ऑर्डर आहे, एकशेचाळीस पडदे. सरळ शिवण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं. पंचवीस वर्षं कोट शिवलेल्या माणसाला पडदे! पण तो माझीच सोय बघतोय, त्याला काय बोलणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारपासून पूर्ण गोळी.

आज मशीनवर बसलो आणि पाय सुटलेच. माझी मशीन जुनी, पायाची. पायडल मारत राहायचं, पट्टा चाक फिरवतो. एवढी वर्षं मी तिला चालवत आलो, आज तीच मला चालवत होती. बारा पडदे झाले. परवापर्यंत चार होताना नाकी नऊ येत होते.

मालक येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय रे, आज काय खाऊन आलायस?"

"गोळी," मी म्हटलं.

"मलाही दे एक. माझी बाकीची माणसं पण खातील."

काज-बटणं करणाऱ्या ताई वीस वर्षं माझ्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसतात. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मास्तर, जरा सावकाश. पडदे काय पळून चाललेत?"

मला मात्र बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणाच्या तरी कामाला आलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुकान अर्धा दिवस. घरी येऊन स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, फळ्या पुसल्या, डबे धुऊन परत लावले. मग कपाट. मग खिडक्यांच्या काचा. ही कचेरीतून आली तर दारातच थबकली.

"अगं बाई! घर चुकले की काय मी?"

मग डोळ्यांना पदर. लगेच लेकीला फोन, ती दूर असते, नोकरीच्या गावी. "अगं, बाबा उठले गं! काचा पुसल्या बाबांनी!" जसा काही मी काचा पुसणारा पहिलाच माणूस. लेक तिकडून रडतेय, ही इकडून रडतेय. मला फोन दिला. मी हो हो म्हणत घरभर फिरत बोललो. फोन ठेवून माळ्यावर चढलो. उतरलो, परत चढलो. माळ्यावर तसं काही काम नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस पडदे.

जेवायला बसवत नाही. चार घास झाले की उठावं लागतं, एक फेरी मारून यावं लागतं. आज उभ्यानंच जेवलो, खिडकीपाशी ताट घेऊन. ही हसतेय. "पायाला भिंगरी लागलीय तुमच्या! आठ महिने लोळून आता अंगात वारं शिरलं." हसताना ती मला इतकी बरी दिसली की मीही हसलो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हे एकदा नीट लिहून काढतो.

मशीनवर पाय चालू असतात तोवर काही त्रास नाही. थांबलो की सुरू. पोटऱ्यांच्या आत, हाडांच्या आत काहीतरी वळवळतं. खाजवता येत नाही, चोळून जात नाही. पाय हलवले की घटकाभर बरं, ठेवले की पुन्हा. मग ते वर चढतं, छातीत येतं आणि वाटतं, उठ, चल, निघ. कुठे? ते काही सांगत नाही.

माझा अंदाज असा की आठ महिने लोळलो त्याची ही शिक्षा आहे. अंगाला आळसाची सवय लागली होती, ती आता मोडतेय. म्हणजे यावर औषध एकच, काम. जितकं जास्त पायडल मारू तितकं बरं. उद्यापासून सकाळी तासभर आधी जाणार.

हिला सांगायचं नाही. काय सांगणार? कालच तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा दोन वेळा वाढून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हिला सिनेमाला जायचं होतं. वर्षभरानं. गेलो. वीस मिनिटं कशीबशी काढली. मग पाणी प्यायला उठलो, मग लघवीला, मग परत पाण्याला. मागची बाई "अहो, बसा की हो खाली!" म्हणून खेकसली. शेवटी मी सगळ्यात मागे भिंतीशी जाऊन उभा राहिलो, या पायावरून त्या पायावर. जरा वेळानं ही पण उठून आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि हातात हात घातला. तिला वाटलं, मला मुद्दाम मागे अंधारात यायचं होतं. "काय हे, या वयात," म्हणाली. सिनेमा संपेपर्यंत दोघं उभे.

मला सांगता आलं नाही. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे. ही बरोबर होती, अर्धी रजा टाकून.

"झोप?"

"कमी आहे जरा."

"भूक?"

"आहे."

"कामात लक्ष लागतं?"

मी तोंड उघडायच्या आत हिनं सगळं सांगून टाकलं. पडदे, काचा, डबे, माळा. लेकीला सांगितलं तसंच, तितक्याच कौतुकानं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "छान. आणखी काही?"

मी म्हटलं, "आतून बेचैनी असते."

"काळजीचे विचार येतात?"

येतात. दिवसभर एकच काळजी, हे काय होतंय मला. म्हणून हो म्हटलं. त्यांनी लिहिलं आणि म्हणाल्या, थोडा आजार अजून शिल्लक आहे, गोळी वाढवू. मला पटलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. मी घाबरलोय असं वाटून हिनं माझा गुडघा हातानं गच्च दाबून धरला होता. दुसरा पाय टेबलाखाली चालू होता. पाच मिनिटांत बाहेर आलो, पुढचा माणूस आत गेला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकशेचाळिसावा पडदा झाला! मालकानं सगळ्यांना चहा पाजला आणि दुकानभर ऐकू जाईल असं बोलला, "आपला मास्तर परत आला. आता त्याला पडदे शिवायला लावले तर माझे हात झडतील." आणि गठ्ठ्यातून राखाडी लोकरीचं कापड काढून माझ्या हातात दिलं. एका दंतवैद्याचा कोट. उंच, खांदे उतरते, पाठीत थोडा बाक. म्हणजे खऱ्या कामाचं गिऱ्हाईक.

वर म्हणतो, "आणि तुझ्या त्या भंगाराला मोटर बसवतोय. किती पाय झिजवशील? आता नुसतं पायाच्या बोटानं दाबायचं आणि शिवायचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी हिला सांगितलं तर तिनं देवाला हात जोडले आणि मग मलाही जोडले, चेष्टेनं.

मला आनंद व्हायला हवा. जिना चढ-उतार केला तीनदा.

३ मार्च, मंगळवार

मोटर बसली. एवढीशी आहे, मशीनच्या कुशीला. पायाखाली चपटी पट्टी, तिच्यावर दाब दिला की मशीन पळते, काढला की थांबते. पाय नुसता ठेवून बसायचं.

आणि तेच होत नाही. पाय ठेवला की तो आपोआप दाबला जातो. दोन इंच शिवायचे तिथे मशीन फूटभर धावते. बाहीची शिवण तीनदा उसवली. मग एकदा पाय असा काही झटकला की सुई डाव्या हाताच्या बोटातून आरपार. नख फुटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

मालक धावत आला. "अरे, नवीन आहे, सवय होईल!"

हो म्हटलं. चिंधी बांधली. रक्त कापडावर पडू दिलं नाही, एवढं एक बरं झालं.

५ मार्च, गुरुवार

कोटाची कॉलर मशीनवर होत नाही. आतून कॅनव्हास लावून हातानं बारीक बारीक टाके घालत तिला वळण द्यावं लागतं. मांडीवर घ्यायची आणि दोन-तीन तास मान खाली घालून बसायचं. माझं सगळ्यात आवडतं काम. लोक जपाला बसतात तसा मी कॉलरला बसायचो.

आज सहा मिनिटं बसलो. घड्याळ लावून सांगतो, सहा. मग उठलो. कटिंगच्या टेबलापाशी उभं राहून टाके घातले, एक इकडे एक तिकडे. उसवले. चालत चालत घालून पाहिले. शिकाऊ पोरानं असलं काम केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

ताई म्हणाल्या, "मास्तर, पाय दुखतात का तुमचे?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तुम्ही तुमची काजं करा ना!"

वीस वर्षांत त्यांच्यावर ओरडलो नव्हतो. त्या बघत राहिल्या. खाली बसतात त्या, त्यांना सगळ्यांचे पायच दिसतात.

७ मार्च, शनिवार

झोप दोन तास. गोळी घेतली. ही विचारते, बरं आहे ना? बरं आहे.

गोळी सोडावी का? सोडली तर परत जून महिना, परत अंथरूण, परत हिचे हाल. घेतली तर हे. आणि हे माझ्यामुळेच असणार, माझ्या मनाचीच खोड. इतर लोक गोळी घेतात आणि गुमान कामाला लागतात की.

८ मार्च, रविवार

चाललो. सकाळी दोन तास, दुपारी तीन. हिला म्हटलं, व्यायाम.

९ मार्च, सोमवार

दंतवैद्यांची ट्रायल होती. कच्च्या टाक्यांवर जोडलेला कोट अंगावर चढवून ते आरशासमोर उभे. एक बाही लावलेली, दुसरी माझ्या हातात. मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पाठीशी. त्यांना म्हणालो, हलू नका, सरळ उभे राहा. आणि ते राहिले. नुसते उभे. कसे काय राहतात लोक असे? मला त्यांचा इतका हेवा वाटला की रडू फुटेल असं झालं. "खडू घेऊन येतो," म्हणालो, बाही टेबलावर ठेवली, बाहेर पडलो.

खडू माझ्या खिशात होता.

चालत सुटलो. बाजार, शाळा, टपाल कचेरीचा मागचा रस्ता, नदीवरचा पूल. पुलाच्या मध्यावर कठडा धरून उभा राहिलो. उभा म्हणजे काय, पाय जागच्या जागी चालूच. खाली पाणी बघितलं. मनात आलं, तिथे पाय थांबतील. मला मरायचं नव्हतं, मला थांबायचं होतं, पण या दोन्हीत त्या वेळी फार अंतर नव्हतं. हे इथे लिहितो कारण कुठेतरी लिहायला हवं.

किती वेळ गेला माहीत नाही. मागून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "अहो, दवाखाना कुठल्या बाजूला?" हाताला पिशवी. मी म्हटलं, चला, दाखवतो. सांगता आलं असतं, पण चालायला निमित्त मिळालं. त्यांच्या बरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. "देव तुमचं भलं करो," म्हणाल्या. तिथून घरी.

ही घरी यायच्या आत हातपाय धुऊन कांदा चिरायला घेतला. उभ्यानं.

१० मार्च, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं. मालकाच्या किल्लीची जोड माझ्याकडे असते. मोटरचा पट्टा काढला, जुना चामड्याचा पट्टा चाकावर चढवला, पायडलवर पाय ठेवले आणि सुरू केलं. हुश्श. कापड लावलं नव्हतं, दोरा पण ओवला नव्हता, उगाच कशाला वाया घालवायचा. नुसती मशीन चालवली. सुई वर-खाली, वर-खाली.

डोकं वर केलं तेव्हा मालक आणि ताई समोर उभे. केव्हापासून, देव जाणे. मी म्हटलं, "कालचं चुकलं माझं. दंतवैद्यांना फोन कर, आज संध्याकाळी या म्हणावं."

मालक म्हणाला, "काय शिवतोयस?"

"काही नाही."

"मग थांब."

"थांबतो की," मी म्हटलं. पाय चालूच.

ताई त्यांच्या स्टुलावर नाही बसल्या. सरळ खाली माझ्या पायांशी बसल्या आणि दोन्ही हातांनी माझे घोटे धरले. "मास्तर, हे बघा, मी धरलेत. आता तुम्ही थांबवा." मी थांबवायला गेलो. जमेना. त्यांचे हात माझ्या पायांबरोबर वर-खाली होत होते. ताई मालकाला म्हणाल्या, "महिना झाला बघतेय. मशीनवर असले की कुणाला कळत नाही. हे मनाचं नाही हो, पायांचं आहे काहीतरी. गोळी सुरू झाल्यापासून आहे."

मला ढसाढसा रडू आलं. मालकानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मला धरून रिक्षात घातलं.

वेळ घेतलेली नव्हती. मालक बाहेरच्या बाईशी भांडला, गळ्यात टेप तशीच लटकत होती त्याच्या. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बघितलं, उठल्या, माझी खुर्ची टेबलापासून ओढून मोकळ्यावर ठेवली. "बसा. हात मांडीवर. दोन मिनिटं काही बोलू नका." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता उभे राहा." मग विचारलं, "मन बेचैन आहे की पाय?"

मी म्हटलं, "पाय, बाई. पाय. पाय थांबले तर मनाचं मी बघून घेईन."

"हे मी मागच्या वेळी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, कारणं दिली नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

याला नाव आहे. अकाथिसिया. लिहून घेतलं. या औषधानं काही जणांना होतं, सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर. त्या म्हणाल्या, "हा तुमचा आजार नाही, तुमचा स्वभाव तर नाहीच. हे औषधाचं आहे आणि हे जातं." आपल्या मनानं गोळी एकदम सोडायची नाही, त्या सांगतील तशी उतरवायची. पायांसाठी वेगळी छोटी गोळी दिलीय. पुढे मूळ औषध बदलायचं.

दोन दिवस नुसता संताप आहे अंगात. जी गोळी मला उठवायला दिली तिनंच मला पुलावर नेलं, आणि मी मात्र माझ्याच नावानं बोटं मोडत बसलो. आणि मजा अशी की ज्या गोष्टीनं सगळे खूश होते तीच गोष्ट मला खात होती. पायडल नसतं तर दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. मला वाटलं, मी कामानं बरा होतोय.

बाईंनी मालकाला बाहेर बसवून आणखी एक विचारलं. जीव द्यावासा वाटला का. मी पुलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सध्या एकटं राहायचं नाही आणि घरी हे कळायला हवं, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. मी म्हटलं, मी सांगतो.

हिला पायांचं सांगितलं, औषधाचं सांगितलं. एकटं राहायचं नाही हेही सांगितलं, पण कारण दिलं चक्कर येण्याचं. पुलाचं नाही सांगितलं. तिनं पंधरा दिवसांची रजा टाकली. रोज दुकानात येऊन ताईंच्या शेजारी बसते, बटणं लावते. वाईट लावते, पण लावते.

२० मार्च, शुक्रवार

आज पूर्ण जेवण बसून झालं. ही माझ्या ताटाकडे बघत नव्हती, टेबलाखाली बघत होती.

पण सकाळी उठायला परत जड जातंय. फार नाही, थोडं. बाईंना फोन केला. म्हणाल्या, दोन औषधांच्या मधले दिवस आहेत, नवीन लागू पडायला वेळ लागेल, रोज सकाळी मला कळवा. कळवतो.

मला भीती वाटते. पण आता भीती वाटते ती बसून वाटते. आधी तेही जमत नव्हतं.

२५ मार्च, बुधवार

कॉलर. एक तास दहा मिनिटं एका जागी. टाके बरे पडले. ताईंची माफी मागितली, ओरडलो होतो त्याबद्दल. त्या म्हणाल्या, "वहिनींनी लावलेली बटणं तेवढी मला परत लावायला लावू नका, म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, घरी सांगितलंत? म्हटलं, रविवारी.

२९ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर. ही वर्तमानपत्र वाचत होती. मी म्हटलं, अगं, ते खाली ठेव जरा. आणि सगळं सांगितलं, ट्रायल, बाही, पूल, पाणी. किती वेळ उभा होतो आणि काय वाटत होतं तेही. त्या म्हाताऱ्या बाईंचंही. काही वगळलं नाही.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला. बाहेर आली, खिडकी उघडली, लावली. आत जाऊन वाळलेले टॉवेल घेऊन आली, घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. दारापर्यंत गेली, चपला सरळ केल्या. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. मी म्हटलं, बस गं. तिला बसवेना.

मी बसून होतो. अर्धा तास सहज झाला असेल. उठून तिच्या मागे जावं असं फार वाटलं, पण नाही गेलो. माझ्यामागे फिरून काही उपयोग झाला नसता, हे मला माहीत होतं. ती थकून येईल तेव्हा कोणीतरी एका जागी असायला हवं होतं.

शेवटी आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि खांद्यात एक बुक्की मारली, चांगली कळ येईल अशी. मग बसली आणि रडली.

मग म्हणाली, "मला कळत होतं. अख्खी रात्र पलंग हलायचा. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बरं नाही. आणि मला तुम्ही बरे हवे होतात हो. आठ महिने काढले होते मी. एक दिवस जास्त निघाला नसता माझ्याच्यानं."

मी म्हटलं, "म्हणूनच सांगितलं नाही."

"माहीतेय. दोघंही शहाणे." तिनं नाक पुसलं. "पुन्हा असं काही वाटलं तर सांगाल?"

"सांगेन."

"त्याच वेळी. संध्याकाळी मी घरी आल्यावर नाही."

"कचेरीत येऊन सांगेन. तुझ्या खिडकीसमोर रांगेत उभा राहीन."

"रांगेत नाही," ती म्हणाली. "रांग मोडून यायचं. लोक ओरडले तर ओरडू देत."